दागिने घडवणाऱ्यांचा मालवणातील गट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालवण परिसरात दागिने घडवणारे आम्ही काही जण दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी एकत्र बसतो, आपापले काम एकमेकांसमोर ठेवतो आणि ज्याला जे येते ते तो दुसऱ्याला शिकवतो. येऊ इच्छिणारी मंडळी फोनवर आणि बाजारात भेटल्यावर तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून त्यांची उत्तरे एकदा नीट लिहून काढली आहेत. उत्तरे लिहिणारी मी गटातली एक सभासद असून माझे स्वतःचे काम तांब्याच्या व चांदीच्या तारेचे आहे. जेथे माझे वैयक्तिक मत आले आहे तेथे मी तसे म्हटले आहे.

गटात कोण कोण आहेत?

पिढीजात सोनारकाम करणारे दोन शेट आहेत, त्यांपैकी एकांनी डोळ्यांमुळे पेढीवर बसणे सोडले आहे. मोत्यांचे सर आणि पोती गाठवून देणाऱ्या एक काकी आहेत. नारळाच्या करवंटीची कर्णफुले व लोलक करणाऱ्या तीन जणी, गौरी-गणपतीचे दागिने करणारे एक जोडपे, मणीकाम करणाऱ्या काही गृहिणी आणि कॉलेजात शिकणारी चार मुले अशी बाकीची मंडळी आहेत. कुडाळ, कट्टा, आचरा आणि वेंगुर्ल्याहूनही माणसे येतात. बैठक एका सभासदाच्या घराच्या मागच्या पडवीत भरते, कारण तेथे वारा खेळता आहे, आणि भट्टीच्या कामाला वाऱ्याइतकी गरज दुसऱ्या कशाचीच नसते.

मला काहीच येत नाही. मी आले तर चालेल का?

चालेल. पहिल्या दोन बैठका नुसते पाहावे, असे आम्ही सांगतो; तिसऱ्या बैठकीपासून मात्र हात चालवावा लागतो.

“काम दाखवणे” म्हणजे नेमके काय करायचे?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्याचे उत्तर ऐकून काही जण परत येत नाहीत, म्हणून ते सविस्तर देते. आमच्याकडे प्रत्येकाने दोन वस्तू आणायच्या असतात : एक जमलेली आणि एक फसलेली. चर्चा प्रामुख्याने फसलेल्या वस्तूवर होते. जमलेल्या दागिन्याकडे पाहून चार माणसे “छान झालाय” म्हणतात आणि त्यापलीकडे बोलण्यासारखे फारसे उरत नाही. फसलेला दागिना हातात घेतला, की तो कोठे आणि कोणत्या क्षणी फसला हे शोधता येते आणि त्यात सगळ्यांचाच फायदा होतो.

एक उदाहरण सांगते. गेल्या वर्षी एका मुलीने चांदीचे कानातले आणले होते. पातळ पत्र्याची एक टिकली आणि तिच्या पाठीला डाखाने (जोडासाठी वितळवायच्या मिश्रधातूने) जोडलेली कानात घालायची तार, एवढेच ते काम होते. तार जोडलेली दिसत होती, पण बोटाने जरा ढकलताच ती निघून हातात आली. शेटांनी भिंग लावून टिकलीची पाठ पाहिली आणि ती सगळ्यांना पाहायला लावली. डाख तारेवर चढून गोळा होऊन बसला होता आणि टिकलीवर, जेथे जोड असायला हवा, तेथे नुसती टाकणखाराची (डाख नीट वाहावा म्हणून लावायच्या बोरॅक्सची) काच झाली होती. याचा अर्थ असा, की ज्योत तारेवर धरली गेली, बारीक तार आधी लाल झाली आणि डाख तिच्याकडे धावला. मोठी टिकली मात्र थंडच राहिली. डाख नेहमी जास्त तापलेल्या भागाकडे पळतो हे वाक्य त्या मुलीने अनेकदा ऐकले होते, पण त्या दिवशी ते तिला भिंगातून दिसले. त्याच बैठकीत तिने तो जोड पुन्हा केला, या वेळी ज्योत टिकलीभोवती फिरवत ठेवली आणि तारेला शेवटच्या क्षणी उष्णता लागू दिली.

फसलेले काम चारचौघांत ठेवण्याची लाज वाटते, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून बैठकीची सुरुवात नेहमी जुन्या सभासदाच्या फसलेल्या वस्तूने होते. शेटांनी स्वतःची वितळलेली जोडवी दाखवल्यावर नव्याने आलेल्याला आपल्या वाकड्या कडीचे फार वाटत नाही.

पिढीजात सोनार आपली विद्या खरोखर देतात का?

हा संशय वाजवी आहे. सोनाराचा धंदा घरातल्या घरात चालत आला. डाखातील धातूंचे प्रमाण किंवा मण्यांवर रवा, म्हणजे धातूचे बारीक दाणे, बसवण्याची हातोटी बाहेरच्याला सांगितली जात नसे, आणि त्याला कारणही होते, कारण तीच त्या घराची पुंजी होती. परंतु पुढची पिढी नोकरीसाठी मुंबई-पुण्याला गेल्यावर ही पुंजी वारसाविना पडून राहते. आमच्या शेटांनी पहिल्या वर्षी फक्त हत्यारे कशी धरावीत एवढेच शिकवले. दुसऱ्या वर्षी एका मुलाने सलग चार महिने त्याच एका जोडाची फसलेली कामे आणल्यावर त्यांनी स्वतःहून त्याला डाखाचे प्रमाण सांगितले. माझे मत असे, की विद्या मागून मिळत नाही, ती चिकाटी पाहून दिली जाते, आणि सोनारानेच कान टोचलेले बरे असतात.

शिकण्याची सुरुवात कशाने होते?

तांब्याच्या तारेने. तांबे स्वस्त आहे, चांदीच्या खालोखाल मऊ आहे आणि चुकले तर रडू येत नाही. पहिले काम म्हणजे तार तापवून मऊ करणे. तार वाकवत, ठोकत राहिले की ती कडक होत जाते आणि शेवटी तुटते. मंद लाली येईपर्यंत तापवली की पुन्हा मऊ होते. अंधाऱ्या कोपऱ्यात बसून हे करावे, कारण भर उन्हात लाली दिसत नाही आणि तार जळते. काकींच्या नातीने पहिल्याच दिवशी तापलेल्या तारेला हात घातला तेव्हा शेट जे म्हणाले ते आता आमचे ब्रीदवाक्य झाले आहे : “गो बाय, तार आदी थंड होऊंदे, मगे हात लाव.”

त्यानंतर तार ओढणे येते. चढत्या-उतरत्या भोकांची पोलादी पट्टी, जिला सोनार जंतर म्हणतात, तिच्या एकेका भोकातून तार ओढून ती हवी तेवढी बारीक करतात. दर दोन-तीन भोकांनंतर तार पुन्हा तापवावी लागते.

तारेच्या जाडीबाबत एक सूचना येथेच दिलेली बरी. व्हिडिओ पाहून शिकणारे बरेच जण “20 गेजची तार” असे लिहून घेतात आणि बाजारातून 20 गेजची तार आणतात, तरी त्यांचे माप चुकते. अमेरिकी मोजणीत 20 गेज म्हणजे सुमारे 0.81 मिलिमीटर, तर आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या ब्रिटिश मोजणीत 20 गेज म्हणजे सुमारे 0.91 मिलिमीटर. एक दशांश मिलिमीटरचा हा फरक कडीत जाणवत नाही, पण मोत्याच्या भोकात तार शिरत नाही तेव्हा चांगलाच जाणवतो. म्हणून गेज न सांगता मिलिमीटर सांगण्याची सवय आम्ही लावली आहे.

नथ किती दिवसांत करता येईल?

नवीन येणाऱ्या दहांपैकी सात जणींना नथच करायची असते. मणीकामाचा हात बसलेली व्यक्ती तीन-चार बैठकांत साधी नथ करू लागते. ती नाकात नीट बसेल अशी करायला वर्ष जाते.

नथीचा सांगाडा म्हणजे एक जाडसर तार असते आणि तिच्यावर मोती बारीक तारेने बांधलेले असतात. सांगाड्याला 0.9 मिलिमीटरची आणि बांधणीला 0.37 मिलिमीटरच्या आसपासची तार आम्ही सरावासाठी वापरतो. अवघड काम मोती ओवण्याचे नाही, तोल साधण्याचे आहे. मधला खडा आणि त्याभोवतीचे मोती यांचे वजन जेथे तार नाकात शिरते त्या बिंदूच्या खाली आणि किंचित आतल्या बाजूला पडले पाहिजे. तसे झाले नाही तर नथ पुढे कलंडते आणि घालणारीला ती सारखी हाताने सावरावी लागते. नाकापेक्षा मोती जड ही म्हण आमच्या बैठकीत अगदी शब्दशः वापरली जाते. तयार नथ आम्ही दोऱ्याला टांगून पाहतो : ती सरळ लोंबली तर तोल साधला, आणि गिरकी घेऊन एका बाजूला तोंड फिरवले तर त्या बाजूचा एक मोती लहान करावा लागतो.

नाक टोचलेले नसेल तर चापाची नथ करावी लागते, आणि तिचा चाप ही स्वतंत्र विद्या आहे. चापाची तार मुद्दाम कडक ठेवावी लागते. ती मऊ असली तर पहिल्या शिंकेला नथ खाली येते.

नथीबाबत कळकळीची विनंती अशी, की ती चिंचेच्या, आमसुलाच्या किंवा लिंबाच्या पाण्यात कधीही घालू नये. घरात चांदीची भांडी अशीच उजळली जातात म्हणून नथही त्यात बुडवण्याचा मोह होतो. मोती हा मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, तो आंबटात विरघळतो आणि त्याचे पाणी कायमचे जाते. ओल्या मऊ फडक्याने पुसून लगेच कोरडी करणे एवढेच नथीला पुरे आहे.

डाखकाम घरी करता येते का?

येते, पण स्वयंपाकघरात करू नये आणि बंद खोलीत तर मुळीच करू नये. चांदी सुमारे 962 अंश सेल्सिअसला वितळते. डाख त्याहून बऱ्याच कमी उष्णतेला वितळेल असाच निवडायचा असतो. त्या दोहोंमधली जागा हीच आपली सवड असते आणि नवशिक्याला ती फार अरुंद वाटते. जोडायच्या दोन कडा एकमेकींना घट्ट भिडलेल्या हव्यात, कारण डाख फट भरून काढत नाही. कडा कानसीने घासून स्वच्छ कराव्यात, टाकणखार पाण्यात कालवून लावावा आणि आधी आजूबाजूचा धातू तापवावा. टाकणखार फुगून पांढरा होतो, मग खाली बसतो आणि काचेसारखा चमकतो; ती चमक दिसली की डाख वाहण्याची वेळ जवळ आली असे समजावे.

जुन्या दागिन्यांच्या बाबतीत विशेष काळजी घ्यावी लागते. एके काळी सोन्याच्या जोडाला कॅडमियमयुक्त डाख सर्रास वापरला जाई आणि अशा दागिन्यांना बाजारात “केडीएम” म्हणत. कॅडमियम 767 अंशांनाच उकळते, म्हणजे डाखकामाच्या उष्णतेत त्याची वाफ होते, आणि ती फुप्फुसांना व मूत्रपिंडांना घातक असते. त्यामुळे कोणाचाही जुना सोन्याचा दागिना आम्ही बैठकीत ज्योतीखाली धरत नाही.

डाखानंतर आलेला काळेपणा कसा काढता? तेजाब (तीव्र आम्ल) वापरता का?

तेजाब वापरत नाही. किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व कोमट पाण्यात विरघळवून त्यात दागिना अर्धा तास ठेवतो. वेळ जास्त लागतो, पण पडवीत लहान मुले असतात. त्यात लोखंडी चिमटा घालू नये, कारण पाण्यात उतरलेले तांबे लोखंडाच्या संगतीने चांदीवर बसते आणि सगळे कानातले गुलाबी होऊन बाहेर येतात. आमच्याकडे बांबूचा चिमटा आहे. सायनाइडच्या पाण्याने चकाकी आणणे किंवा मुलामा देणे या गोष्टी आम्ही शिकवत नाही आणि कोणी घरी करत असल्यास त्यांनी ते थांबवावे, असे स्पष्टच सांगतो.

पावसाळ्यात चांदी काळी आणि पितळ हिरवे पडते. काय करावे?

कोकणात राहून हा प्रश्न न पडलेला दागिनेवाला मला भेटलेला नाही. दोन्ही गोष्टींची कारणे वेगवेगळी आहेत. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे. तिच्यावर सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर बसतो आणि दमट हवेत तो लवकर बसतो. पितळ आणि तांबे हिरवे पडतात ते ओलावा आणि खारी हवा यांमुळे, आणि समुद्रालगतच्या घरात हे काम पावसाळा नसतानाही चालूच असते.

यातला एक धडा मी स्वतः पैसे मोजून शिकले आहे. एका जुलैत तयार चांदीचे कानातले मी कागदात गुंडाळले आणि प्रत्येक पुडीला रबरबँड लावला. गणपतीच्या आधी पुड्या उघडल्या तर प्रत्येक कानातल्यावर, जेथे रबर आवळले होते नेमक्या तेथेच, शाईने ओढल्यासारखी काळी रेघ उमटली होती. रबरात गंधक असते हे मला तेव्हा माहीत नव्हते. छत्तीस जोड पुन्हा घासावे लागले.

तेव्हापासूनची आमची पद्धत अशी आहे : दागिना पूर्ण कोरडा करायचा, एका लहान झिप पिशवीत एकच वस्तू ठेवायची, पिशवीतली हवा दाबून काढायची, आणि या पिशव्या घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवायच्या. पुड्या महिन्यातून एकदा उन्हात किंवा मंद तव्यावर वाळवाव्यात. लाकडी कपाटात, लोकरी कापडात आणि वर्तमानपत्रात चांदी ठेवू नये.

काळी पडलेली साधी चांदी उजळायला ॲल्युमिनियमच्या फॉइलवर दागिना ठेवून त्यावर कढत पाणी आणि खायचा सोडा घालावा. गंधक चांदीला सोडून ॲल्युमिनियमकडे जाते आणि चांदी झिजत नाही. मात्र ऑक्सिडाइज्ड दागिन्याला हा उपाय केल्यास मुद्दाम आणलेला काळेपणाही निघून जातो आणि नक्षी सपाट दिसू लागते. मोती किंवा चिकटवलेले खडे असलेल्या दागिन्यालाही तो चालत नाही.

किनाऱ्यावर सापडणारे शंख-शिंपले, पोवळे वापरता येतील का?

उत्साहाने पिशवीभर शंख घेऊन येणाऱ्यांना निराश करावे लागते, याचे आम्हालाही वाईट वाटते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली प्रवाळ आणि समुद्रपंखे तसेच शंख-कवड्यांच्या काही जाती संरक्षित आहेत, आणि मालवणच्या समुद्रात तर 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. कोणता शंख यादीत आहे आणि कोणता नाही हे ओळखणे आपल्यापैकी बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे असल्यामुळे बैठकीत किनाऱ्यावरून उचललेला माल आम्ही घेतच नाही. कासवाच्या कवचाचे तर नावही काढू नये.

याच संदर्भात दुसरी अडचण दरवर्षी येते. आजोबांच्या काळातले, सोन्यात मढवलेले वाघनख कोणीतरी घेऊन येते आणि “याची कडी तेवढी बदलून द्या” म्हणते. वाघाचा कोणताही अवयव बाळगणे आणि त्याची देवघेव करणे हा कायद्याने गंभीर विषय आहे, मग तो दागिना कितीही जुना आणि कितीही आठवणींचा असो. आम्ही त्याला हात लावत नाही. त्यांनी वनखात्याकडे विचारणा करावी.

गुंजेबद्दलही विचारले जाते, कारण लाल-काळी गुंज आपल्या कुंपणांवर असते आणि ओवली की सुंदर दिसते. तिच्या बीत ॲब्रिन हे अत्यंत जहाल विष असते. बी अखंड असताना कठीण कवचामुळे ते आत राहते. भोक पाडताना कवच फुटते, विषारी भुकटी उडते आणि भोक पाडलेला मणी मुलाने चघळला तर जिवावर बेतू शकते. त्यामुळे गुंजेच्या माळा आम्ही करत नाही आणि विकूही देत नाही.

मग स्थानिक साहित्यात उरले काय?

करवंटी उरली, आणि ती पुष्कळ आहे. पूर्ण पिकलेल्या, सुकलेल्या नारळाची करवंटी घ्यावी. शहाळ्याची घेतल्यास ती सुकताना वाकते. बाहेरचे तंतू काचेच्या तुकड्याने किंवा सुरीने खरवडून, मग पॉलिश पेपर क्रमाने बारीक करत नेला आणि शेवटी खोबरेल चोळले, की जो काळसर तपकिरी रंग येतो त्याला वॉर्निशची गरज राहत नाही. करवंटीला तिचा स्वतःचा बाक असतो. सपाट कर्णफूल हवे असल्यास नारळ मोठा घ्यावा आणि तुकडा लहान कापावा. कापताना धूळ फार उडते, म्हणून तोंडाला मास्क लावूनच बसावे.

खऱ्या सोन्याचे काम शिकवता का?

बैठकीत नाही. सोने तापले, घासले की घट येते, म्हणजे वजन कमी होते, आणि चार घरच्या माणसांत कोणाच्या सोन्याची किती घट आली हा विषय निघाला की गट टिकत नाही. पेढ्यांवरचा केर विकत घेऊन त्यातून सोन्याचे कण धुऊन काढणारे झारेकरी होते, यावरूनच घट किती असते याची कल्पना यावी.

विक्रीसाठी सोन्याचे काम करू इच्छिणाऱ्यांनी हॉलमार्कचे, म्हणजे शुद्धतेच्या शिक्क्याचे, नियम समजून घ्यावेत. 16 जून 2021 पासून ते टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले आणि 1 एप्रिल 2023 पासून सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी (त्या दागिन्याच्या स्वतंत्र ओळखीच्या) क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. 22 कॅरेटच्या दागिन्यावर 916 हा आकडा असतो, म्हणजे हजारात 916 भाग सोने. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या वस्तूंना या सक्तीतून सूट आहे.

शेट तोळा आणि गुंज म्हणतात, ते किती?

जुना तोळा 11.66 ग्रॅमचा, 8 गुंजांचा एक मासा आणि 12 माशांचा एक तोळा. बाजारात आज तोळा म्हणताना बहुधा 10 ग्रॅम अभिप्रेत असतात, म्हणून विचारून घ्यावे.

बांगडीचे 2-4, 2-6 हे माप कसे वाचावे?

हे दशांश नाहीत, इंचाचे सोळावे भाग आहेत. 2-4 म्हणजे आतला व्यास सव्वादोन इंच, अर्थात सुमारे 57 मिलिमीटर, आणि 2-8 म्हणजे अडीच इंच. 2.4 इंच समजून केलेल्या बांगड्यांचा एक संपूर्ण डझन आमच्या फसलेल्या वस्तूंच्या डब्यात आहे.

माझी घडण दुसऱ्याने उतरवली तर?

ठुशी, बोरमाळ, चिंचपेटी, वज्रटीक हे घाट सर्वांचे आहेत. त्यांवर कोणी हक्क सांगू नये. परंतु एखाद्याने स्वतः विचार करून काढलेली घडण बैठकीत पाहिली आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्याने ती तारकर्लीच्या स्टॉलवर मांडली, असे एकदा घडले आहे. त्यानंतर असे ठरले, की तंत्र मोकळे आहे, घडण नाही. बैठकीत दिसलेला जोड, गाठ किंवा बांधणी कोणीही वापरावी. पण आकार जसाच्या तसा करायचा असेल तर करणाऱ्याला विचारावे आणि ग्राहकाला त्याचे नाव सांगावे. ज्यांना कायद्याचे संरक्षण हवे आहे त्यांना 2000 च्या डिझाइन कायद्याखाली नोंदणी करता येते. ती दहा वर्षे टिकते आणि पुढे पाच वर्षे वाढवता येते. मात्र अर्ज करण्याआधी घडण बाजारात किंवा लोकांसमोर आणलेली नसावी, म्हणून असा विचार असलेल्यांनी ती वस्तू बैठकीलाही आणू नये.

किंमत कशी ठरवावी?

आमच्यातल्या बायका मालाचे पैसे मोजतात आणि स्वतःच्या वेळेचे मोजत नाहीत, ही माझी जुनी तक्रार आहे. करवंटी फुकट मिळाली म्हणून तीन तासांची कर्णफुले ऐंशी रुपयांना देणे हा व्यवहार नव्हे. पेढीवर सोनार धातूचे वेगळे आणि घडणावळीचे वेगळे पैसे सांगतो, तसेच आपणही सांगावे. घडणावळीत वेळ, पॉलिश पेपर, गॅस, पिशवी आणि दर दहा वस्तूंमागे मोडणारी एखादी वस्तू हे सगळे धरावे. पर्यटक घासाघीस करतो तेव्हा धातूचा भाव कमी करता येत नाही हे त्याला पटते. घडणावळीचा आकडा स्वतंत्र सांगितला की तोही बऱ्याचदा पटतो.

गणपतीच्या मोसमात गट एकत्र काम करतो का?

करतो, आणि वर्षातले सर्वांत दाट काम तेच असते. चाकरमानी जुलैपासूनच मुंबईहून फोन करू लागतात : चांदीच्या एकवीस दूर्वांची जुडी, जास्वंदीचे फूल, कंठी, मुकुट, आणि गौरीसाठी मंगळसूत्रापासून बांगड्यांपर्यंत सगळे. एका घराला न झेपणारी मागणी आम्ही वाटून घेतो : पत्रा कापणे एकाकडे, नक्षी दुसऱ्याकडे, ओवणे काकींकडे. पैसेही त्याच हिशेबाने वाटले जातात आणि हिशेब वहीत लिहिला जातो.

मुकुटाचे माप घेताना एक चूक हमखास होते. गणपतीच्या शाळेत मूर्ती ओली असतानाच कागदाची पट्टी लावून माप घेतले जाते. शाडूची माती सुकताना आकसते, त्यामुळे त्या मापाचा मुकुट चतुर्थीला देवाच्या कपाळावरून खाली सरकतो. माप मूर्ती पूर्ण सुकल्यावर, रंगाच्या आधी घ्यावे, आणि मुकुटाच्या मागच्या बाजूस जोड उघडा ठेवून तेथे दोरीसाठी दोन कड्या द्याव्यात.

गावच्या देवस्थानाचे दागिने किंवा तरंगांवरचे (देवाच्या सजवलेल्या काठ्यांवरचे) रुपे उजळून द्याल का?

नाही. ते काम कोणी करायचे हे मानकरी आणि गावकरी ठरवतात, आणि त्यात आम्ही पडत नाही.

पहिल्या बैठकीला येताना काय आणावे?

सुती कपडे घालून यावे. सिंथेटिक ओढणी ज्योतीजवळ चालत नाही आणि मोकळे केसही चालत नाहीत. पायांत बंद चपला किंवा बूट असावेत, कारण वितळलेला धातू खालीच पडतो. जवळचा चष्मा असल्यास तो विसरू नये. दोन मीटर तांब्याची तार, एक बारीक कानस आणि एक चपट्या तोंडाचा चिमटा आणल्यास उत्तम, नसल्यास गटाचे आहे. महिना शंभर रुपये वर्गणी गॅस, टाकणखार आणि चहासाठी घेतली जाते. विद्यार्थ्यांकडून ती घेत नाही. बैठक सकाळी दहाला सुरू होते. आणि घरी एखादा मोडलेला, वाकलेला, अर्धवट सोडून दिलेला दागिना पडला असेल, मग तो खोट्या मण्यांचा का असेना, तर तो रुमालात बांधून घेऊन यावा.